जांभळीचं तोंड

"चार वेळा स्वतःची पिल्लं खाल्ली, मग तिला आई कशाला म्हणायचं, चाचा?"

सन्मतीने हे दारातूनच विचारलं. चपला काढायच्या आधी. एका हातात मोबाईल, दुसऱ्या हातात हवा भरून गाठ मारलेली प्लॅस्टिकची पिशवी, आणि पिशवीतल्या पाण्यात एक मासा.

यासीनचाचा शिलाई मशीन उघडून बसले होते. "हं," म्हणाले.

तोंडात स्क्रू असले की चाचा एवढंच बोलतात. मशीन खोलताना निघालेले बारके स्क्रू ते ओठांत धरून ठेवतात. वाटीत ठेवले तर वाटी लवंडते, असं त्यांचं म्हणणं. चाची होत्या तोवर रोज ओरडायच्या, "एक दिवस गिळाल!" चाचा तेव्हाही "हं" म्हणायचे.

मी शेजारच्या घरातला. सकाळचा चहा त्यांच्याकडे घेतो. पाळलेल्या माशांतलं मला काडीचं कळत नाही. माझं माशांशी नातं ताटातलं. पण त्या रविवारी जे झालं ते माझ्यासमोर झालं, म्हणून सांगतो.

पिशवीतला मासा बोटभर लांबीचा. पोटावर पिकल्या जांभळाचा रंग. बाजारात सिक्लिड जातीच्या या छोट्या माशाला क्रिब म्हणतात, चाचा जांभळी म्हणतात. बत्तीस वर्षं त्यांनी हा एकच वंश सांभाळला. आईची लेक, त्या लेकीची लेक... बाहेरचा मासा कधी आणला नाही आणि घरचा सहजासहजी कुणाला दिला नाही.

गेल्या पुरात कृष्णेचं पाणी आमच्या गल्लीत कमरेच्या वर आलं. चाचांना होडीतून बाहेर काढलं. चौदा टाक्यांमधल्या माशांना कोण काढणार? पाणी ओसरल्यावर आम्ही घर उघडलं तेव्हा टाक्यांत नुसता गाळ होता.

उरली एक जोडी. पुराच्या महिनाभर आधी सन्मतीला शिकायला म्हणून दिलेली.

तेव्हा पिशवीतली ती जांभळी म्हणजे वंशातली शेवटची मादी. तिची पिल्लं जगली तर बत्तीस वर्षं पुढे चालणार, नाहीतर तिच्याबरोबर संपणार. हे चाचांना ठाऊक होतं, सन्मतीला ठाऊक होतं, मलासुद्धा ठाऊक होतं.

"तुम्ही काहीतरी बोला की चाचा."

"हं."

सन्मती चौगुले पोरगा वाईट नाही. विश्रामबागेत बायको पद्मजाबरोबर राहतो, कॅमेरे बसवायचा धंदा करतो. दुकानं, बंगले, मंगल कार्यालयं. परवा तर कुणाच्या म्हशीच्या गोठ्यात बसवून आला. फक्त एक खोड. जगात जे काही दिसण्यासारखं आहे ते आपल्याला दिसतं, अशी त्याची पक्की समजूत आहे. कामाने माणसाची अशी समजूत होत असावी.

"माझ्याकडून कसर आहे का सांगा. फिल्टरचं पाणी. हीटर. वाळू बारीक चाळून घातली. नारळाची करवंटी पालथी ठेवली, तुम्ही सांगितली तशी, एका बाजूनं दार फोडून. जांभळी आत जाते, छताला अंडी चिकटवते. तीनशेच्या आसपास. तिसऱ्या दिवशी अंड्यांतून पिल्लं निघतात. चौथ्या दिवशी बघावं तर करवंटी रिकामी!"

चाचा बॉबिनची केस फडक्याने पुसत होते.

"पहिल्यांदा वाटलं, नवीन आहे, घाबरली असेल. दुसऱ्यांदा वाटलं, लाईटचा त्रास असेल. तिसऱ्यांदा मी टाकीवर कॅमेराच लावला."

"हं?"

"आणि आज सापडली."

त्याने मोबाईल चाचांच्या डोळ्यांसमोर धरला. चाचांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. मीही मान पुढे केली.

पडद्यावर करवंटीचं दार. जांभळी आत शिरली. बाहेर आली. तिने तोंड उघडलं, दाराशी वळवळणारं काहीतरी बारीक आत घेतलं. अजून एकदा. मग अजून. गाल फुगले. तोंड मिटलं. ती वळली...

चित्र थांबलं.

"बघितलंत?" सन्मतीचा आवाज चिरकला. "तोंड भरभरून! पोटची पोरं! मासे पाळणाऱ्यांच्या ग्रुपवर टाकलं मी हे. शंभर माणसं आहेत ग्रुपवर, सगळे जाणकार. सगळे म्हणाले, राक्षसीण आहे, काढून टाक."

चाचांनी पडद्यावर बोट ठेवून पुढे सरकवायचा प्रयत्न केला. काही सरकेना.

"पुढं नाही, चाचा. एवढंच कापून घेतलंय. पुढं बघायचं काय? मी पळत गेलो, जाळीत धरली तिला, पिशवीत घातली आणि..."

तो थांबला. राग होता, पण मला वाटतं त्याच्याखाली रडू होतं. ज्याने आपल्या हातात बत्तीस वर्षं ठेवली त्याच्यासमोर असं रिकाम्या हाताने यायचं म्हणजे सोपं नसतं.

मग त्याने खोलीत नजर फिरवली. चाचांच्या चौदा टाक्यांपैकी आता एकच मांडलेली आहे, खिडकीशी. त्यात वाळू आहे, पालथी करवंटी आहे, काठोकाठ स्वच्छ पाणी आहे. मासा नाही. पुरानंतर चाचांनी ती धुतली, भरली, आणि तेव्हापासून दर रविवारी अर्धं पाणी काढून ताजं घालतात. रिकाम्या टाकीचं पाणी कशाला बदलायचं, असं मी एकदा विचारलं होतं. तोंडात स्क्रू नसतानाही "हं" म्हणाले.

"बरं आहे, ही टाकी रिकामीच आहे," सन्मती म्हणाला. "नाहीतरी तुम्ही उगाच पाणी बदलत बसता. हिला यातच सोडतो. राहू दे एकटी."

तो पिशवीची गाठ सोडायला लागला.

चाचा उठले. गुडघे धरून, सावकाश. टाकीपाशी गेले आणि पाण्यावर आडवा हात धरला.

सन्मती थबकला. "नको?"

चाचांनी मान हलवली. पिशवीतल्या जांभळीशेजारी दुसरं बोट उभं करून विचारलं: नर कुठे आहे?

"तो आहे माझ्याकडं टाकीत. त्याच्यावर काही सिद्ध झालेलं नाही." जरा थांबून तो म्हणाला, "तोही बिनसलाय म्हणा. मागच्या कोपऱ्यात, दगडाच्या आड, वाळूत एक खड्डा आहे. सकाळपासून त्या खड्ड्यावर उभा आहे. मी तळ साफ करायला नळी घातली तर नळीला चावला. माझी नळी, माझी टाकी, आणि मलाच चावतो!"

चाचा त्याच्याकडे टक लावून बघत होते.

"साफ करायलाच लागतं की," सन्मती म्हणाला. "त्या खड्ड्यात नेहमी घाण साठते. करवंटी रिकामी झाली की दर वेळी मी तळाची सगळी घाण नळीनं ओढून बादलीत काढतो. अर्धवट खाल्लेलं कुजलं तर पाणी नासेल. आणि ते पाणीसुद्धा वाया घालवत नाही मी, चाचा. सगळं बाल्कनीतल्या कढीपत्त्याला. मानेइतका वाढलाय तीन महिन्यांत!"

हे सांगताना एवढ्या दुःखातही तो थोडा ताठ झाला.

चाचा अजून बघतच होते. मग त्यांनी सन्मतीचा हात धरला, तळवा वर केला, आणि आपलं तोंड त्याच्या तळव्यापाशी नेलं.

एक स्क्रू पडला.

दुसरा पडला.

तिसरा. चौथा. पाचवा. ओले, बारके, पितळी.

सन्मतीने नाक मुरडलं. "हे काय चाचा..."

त्याला कळलं नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही नाही. मी चहाचा कप तसाच धरून बसलो होतो.

चाचांनी ओठ पुसले आणि त्या सकाळी पहिल्यांदा सबंध वाक्य बोलले.

"बादली कुठंय?"

"बाल्कनीत. भरून ठेवलीय. पद्मजा घालते झाडांना, अंघोळ झाली की..."

त्याने तळव्यातल्या स्क्रूंकडे बघितलं. चाचांच्या तोंडाकडे बघितलं. पिशवीतल्या जांभळीकडे बघितलं.



त्याने फोन लावला. वाजला, वाजला, बंद झाला. पुन्हा लावला.

"उचलत नाही," तो म्हणाला. "चाचा, ती उचलत नाही..."

"चल," चाचा म्हणाले.

पुरानंतर चाचा मशिदीखेरीज कुठे गेले नव्हते. त्या दिवशी मात्र टोपीसुद्धा न घालता गाडीत जाऊन बसले, मांडीवर पिशवी, पिशवीवर मशीन पुसायचं फडकं. मी मागे बसलो. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण अशा वेळी बोलावण्याची वाट बघत नसतात.

सन्मती एका हाताने गाडी चालवत होता. दुसऱ्या हाताची मूठ मिटलेली. तीत अजून ते स्क्रू.

"म्हणजे ती त्यांना करवंटीतून काढून खड्ड्यात नेत होती? तोंडातून? आणि मी... चाचा, ती खात नव्हती?"

"मला काय माहीत? मी होतो का तिथं?"

"पण तुम्ही आत्ता..."

"तू दाखवलंस तेवढंच मी बघितलं. तोंड उघडलं. तोंड मिटलं." चाचांनी पिशवी जरा सरळ केली. "गिळलेलं तू बघितलंस का?"



पुढे रेल्वेचं फाटक पडलेलं होतं.

मालगाडी होती. डबे संपेचनात. सन्मतीने स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. मी त्या मालगाडीला मनातल्या मनात ज्या शिव्या दिल्या त्या इथे लिहीत नाही. चाचा फडक्याचं टोक उचलून जांभळीकडे बघत होते. ती पिशवीच्या तळाशी होती. तिचं तोंड मिटलेलं होतं.

फाटक उघडलं.

तिसऱ्या मजल्यावर सन्मती जिन्याने धावत गेला. चाचांना वर चढवण्यात माझा जीव गेला. पण दारात पोचलो तेव्हा सगळं दिसलं.

पद्मजावहिनी बाल्कनीत उभ्या. ओले केस टॉवेलमध्ये गुंडाळलेले. एका हातात मग. समोर बादली.

"थांब!" सन्मती ओरडला. "थांब, थांब, ओतू नको!"

"काय झालं ओ?" त्या दचकल्या. मगातलं पाणी थोडं त्यांच्याच पायांवर सांडलं. "झाडांना घालायलेय की. रोजच्यासारखं."

"किती घातलंस?"

"दोन मग. कढीपत्त्याला."

सन्मतीने बादलीत डोकावलं. नंतर मीही डोकावलं. काळपट पाणी. तळाशी गाळ, कुजक्या पानांचे तुकडे. त्यात जीव असेल असं कुणाला वाटणार नाही.

"काही नाही, चाचा," तो म्हणाला. "नुसती घाण आहे."

चाचा बाल्कनीच्या उंबऱ्यावर टेकले. दम खाल्ला. मग म्हणाले, "सूनबाई, काही पांढरं आहे का? पसरट."

वहिनी क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग आत गेल्या आणि नवीन डिनर सेटमधला मोठा पांढरा बाऊल घेऊन आल्या, जो पाहुण्यांसाठीसुद्धा अजून काढला नव्हता.

चाचांनी मगाने बादलीचा तळ ढवळला, हळूच भरला, आणि तेवढ्याच हळूच बाऊलमध्ये ओतला.

पांढऱ्यावर काळा कचरा पसरला.

आम्ही वाकून बघत राहिलो. कचरा फिरला. मंदावला. खाली बसायला लागला.

"नाही," सन्मती पुटपुटला.

"थांब."

"चाचा, मीच..."

"थांब म्हणतो ना!"

चाचांना आवाज चढवताना मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. त्यांनी बाऊलचा काठ दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. तेव्हा मला कळलं, या माणसालाही आतून भीती वाटत होती. बत्तीस वर्षं त्या बाऊलमध्ये होती.

कचरा खाली बसला... आणि त्यातला एक कण बसला नाही.

तो वळवळला.

"ओ," पद्मजावहिनी म्हणाल्या, अगदी हळू. "याला डोळे आहेत."

होते. तिळाच्या टोकाएवढे दोन काळे ठिपके, आणि मागे काचेसारखी शेपटी. त्याच्या शेजारी अजून एक. पलीकडे पानाच्या तुकड्याला बिलगलेले पाच-सहा. एकदा दिसायला लागले आणि मग दिसतच गेले. जो जो कचरा म्हणून बघावा तो तो हलायला लागला.

जैनाघरच्या ताटात पहिल्यांदाच मासे आले, आणि तेही जिवंत.

वहिनी हसल्या आणि डोळे पुसले. सन्मती तिथेच फरशीवर बसला. पाय पसरून, लहान पोरासारखा. मला तर काय, उगाचच मोठ्याने "वा!" म्हणावंसं वाटलं आणि मी म्हटलंसुद्धा.

चाचांनी एक लांब श्वास सोडला. "अल्हम्दुलिल्लाह," म्हणाले. मग, "बादली आत आण. सांडू नको."

पिल्लं टाकीत सोडायला पाऊण तास लागला. बाऊल बाऊल करत, चमच्याने, मागच्या कोपऱ्यात, त्या खड्ड्यात. नर तिथेच उभा होता. पहिला चमचा पाण्यात आला तेव्हा तो चमच्याच्या अंगावर धावला. मग चमच्यातून काय पडलं ते बघितलं, आणि मागे सरकून गोल गोल फिरायला लागला.

शेवटी चाचांनी पिशवी टाकीतल्या पाण्यात बुडवून गाठ सोडली.

जांभळी बाहेर आली. करवंटीकडे गेली. आत डोकावली. दगडाला वळसा घातला. खड्ड्यापाशी येऊन थांबली.

तिने तोंड उघडलं आणि एक पिल्लू आत घेतलं.

सन्मतीचा हात आपोआप पुढे गेला, बोटं पाण्यात बुडाली. चाचांनी त्याचं मनगट धरलं.

जांभळी वळली. तोंड मिटलेलं. टाकीच्या दुसऱ्या टोकाला, फिल्टरच्या नळीखाली, तिने कधी कोण जाणे दुसरा एक खड्डा करून ठेवला होता. तिथे ती डोकं खाली करून उभी राहिली. तोंड उघडलं.

पिल्लू वाळूवर पडलं आणि वळवळलं.

ती परत आली. अजून एक नेलं. परत आली. अजून दोन नेली. नर नव्या खड्ड्यावर जाऊन उभा राहिला.

चाचांनी मनगट सोडलं. सन्मतीने हात काढून घेतला नाही, पण हलवलाही नाही. मोबाईल खिशात वाजत होता. ग्रुपवरच्या शंभर जाणकारांना अजून काहीतरी म्हणायचं असेल. त्याने बघितलं नाही.



मग सन्मतीने बाल्कनीकडे बघितलं. कढीपत्ता खरोखरच मानेइतका होता. टवटवीत, गर्द हिरवा.

"चाचा," तो म्हणाला. "म्हणजे आधीच्या त्या तिन्ही वेळा..."

त्याने डावी मूठ उघडली. पाच स्क्रू. तळव्यावर त्यांचे वळ उमटले होते.

चाचांनी एकेक करून ते उचलले आणि सदऱ्याच्या खिशात टाकले. टाकीकडे बघत राहिले. जांभळी पुन्हा तोंड भरून निघाली होती...

"आज रविवार ना?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग मला लवकर घरी सोड. टाकीचं पाणी बदलायचंय."